एलएम बुश दर दोन महिन्यांनी का जातो? शाफ्ट, बुश आणि बॉल स्प्लाइन यांची निवड कुठे चुकते

तक्रार नेहमी एकाच साच्याची असते. पिक-अँड-प्लेसच्या (वस्तू उचलून ठेवणाऱ्या मशीनच्या) उभ्या अक्षाला २० मिमी शाफ्टवर दोन एलएम२०यूयू बुश (बॉलवर सरळ रेषेत सरकणारे लिनियर बुश, यूयू म्हणजे दोन्ही टोकांना सील) बसवलेत. दोन महिन्यांत प्ले (सैलपणा) येतो, खरखर सुरू होते, टोकाचा ग्रिपर जागा सोडतो. नवे बुश टाकले की मशीन आठवडाभर गुळगुळीत चालतं आणि मग पुन्हा तेच. शेवटी स्टोअरमध्ये बुशचा साठा करून ठेवतात आणि बदलायचं काम मेंटेनन्सच्या वेळापत्रकात कायमचं जाऊन बसतं.

त्याच जागी तिसऱ्यांदा बुश गेला असेल तर चौथा मागवायच्या आधी शाफ्ट बघा. बुश कशाने गेला हे शाफ्टवर उमटलेलं असतं, आणि नेमका तोच शाफ्ट न पुसता त्यावर नवा बुश चढवला जातो.

शाफ्टवरच्या खुणा

शाफ्ट काढून केरोसीनने पुसा, टॉर्च आडवा धरून तिरप्या उजेडात फिरवा आणि नख ओढून बघा.

वरच्या बुशच्या जागी एका बाजूला चर आणि खालच्या बुशच्या जागी नेमक्या उलट बाजूला चर, म्हणजे आर्मच्या बाजूला लोंबणाऱ्या वजनाचा मोमेंट (जोर गुणिले अंतर, म्हणजे कलंडवणारा परिणाम). बुश दोषी नाही, दोन बुशमधलं अंतर कमी पडतंय.

क्रोमचे पापुद्रे निघालेत किंवा चकचकीत थराखाली चर दबलेला दिसतोय, तर शाफ्ट आतून मऊ आहे. हे सगळ्यात जास्त आढळतं.

बॉलच्या अंतराने ओळीत पडलेले बारीक खळगे असतील तर दोन शक्यता: स्ट्रोकच्या (एका दिशेने सरकण्याच्या अंतराच्या) शेवटी आदळतंय, किंवा बसवताना हातोडा वापरलाय. खळगे एकाच ठिकाणी असतील तर हातोडा, स्ट्रोकच्या टोकाला असतील तर आदळणं.

तांबूस तपकिरी भुकटी दिसली की पावसाळ्यात लगेच ‘गंज’ म्हणून सोडून दिलं जातं. पण ती फक्त बुश थांबतो त्या पट्ट्यातच असेल आणि बाकीचा शाफ्ट स्वच्छ असेल, तर तो गंज नाही. अगदी लहान स्ट्रोकमध्ये किंवा थांबलेल्या अवस्थेतल्या कंपनांमुळे बॉल जागच्या जागी घासतात आणि वंगण बाजूला सरकतं, त्याची ती भुकटी आहे.

लांबीच्या दिशेने सर्व बाजूंनी ओरखडे आणि सीलजवळ राखाडी लगदा म्हणजे धूळ. तिरपे, स्क्रूच्या आट्यांसारखे ओरखडे म्हणजे शाफ्ट बुशमध्ये फिरतोय. साधा एलएम बुश फिरण्यासाठी बनवलेलाच नाही. त्यातले बॉल फक्त लांबीच्या दिशेने फिरून परत येतात. फिरवला की ते घसरतात.

हिशोब एकदा तरी करा

कॅटलॉगमध्ये एलएम२०यूयूची डायनॅमिक लोड क्षमता (चालताना भार झेलायची क्षमता) ८८२ न्यूटन दिलेली असते. ते पाहून ‘नव्वद किलो घेतो, आपलं वजन तीन किलो’ असं म्हणत विषय संपवला जातो. बुशवर येणारं वजन तीन किलो नसतंच.

उदाहरण घेऊ. ग्रिपर आणि जॉब मिळून ३ किलो, शाफ्टच्या मध्यापासून २०० मिमी बाहेर. दोन बुशमधलं अंतर मध्य ते मध्य ८० मिमी. वर उचलताना प्रवेग १० मीटर प्रति सेकंद वर्ग धरला तर जोर ३ × (९.८१ + १०) = सुमारे ५९.४ न्यूटन. त्याचा मोमेंट ५९.४ × ०.२ = ११.९ न्यूटन-मीटर. तो ०.०८ मीटरने भागला की प्रत्येक बुशवर साधारण १४९ न्यूटन येतात, तेही आडवे.

आयुष्य किलोमीटरमध्ये = ५० × (हार्डनेस गुणक × संपर्क गुणक × क्षमता ÷ (लोड गुणक × प्रत्यक्ष भार)) चा घन. एका शाफ्टवर दोन बुश जवळजवळ असतील तर संपर्क गुणक ०.८१. मध्यम वेग आणि थोडे धक्के असतील तर लोड गुणक १.५. शाफ्ट नीट हार्डन केलेला असेल तर हार्डनेस गुणक १. उत्तर साधारण १,६४० किमी.

आता मशीन किती चालतं? स्ट्रोक १५० मिमी, म्हणजे जाऊन-येऊन ०.३ मीटर. मिनिटाला २० सायकल, रोज १६ तास, महिन्याला २६ दिवस: सुमारे १५० किमी. म्हणजे सगळं व्यवस्थित असूनही हा बुश अकरा महिन्यांचा पाहुणा आहे.

बाकी काही न बदलता दोन बुशमधलं अंतर ८० वरून १२० मिमी केलं, तर भार ९९ न्यूटनवर येतो आणि आयुष्य ५,५०० किमीच्या वर, म्हणजे तीन वर्षं. घनाचा हा परिणाम आहे: भार दीडपट कमी झाला की आयुष्य ३.४ पट होतं. हाउसिंग (बुश बसतात तो ब्लॉक) ४० मिमी लांब करण्याचा खर्च फार तर एका ब्लॉकचा. म्हणून मोठ्या मापाचा बुश मागवण्याआधी अंतर वाढवता येतं का ते बघावं. एलएम२५यूयूची क्षमता ९८० न्यूटन आहे, म्हणजे २० मिमीपेक्षा जेमतेम अकरा टक्के जास्त. त्यासाठी शाफ्ट, हाउसिंग, सपोर्ट सगळं बदलावं लागतं आणि हाती फारसं काही लागत नाही.

मऊ शाफ्ट

आता त्याच हिशोबात शाफ्टची हार्डनेस (कठीणपणा) एचआरसी, म्हणजे रॉकवेल सी मापावर, ५० च्या आसपास धरा. हार्डनेस गुणक साधारण निम्म्यावर येतो, आणि निम्म्याचा घन एक अष्टमांश. १,६४० किमीचे २०५ किमी होतात. सहा आठवडे! दर दीड-दोन महिन्यांनी येणाऱ्या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

बाजारात ‘हार्ड क्रोम रॉड’ म्हणून जो मिळतो तो मुळात सिलिंडरचा रॉड. वर २०-३० मायक्रॉन क्रोम, आत साधा ईएन८ (मध्यम कार्बनचं पोलाद). क्रोम कठीण असतं हे खरं, पण बॉलचा दाब त्या थरात संपत नाही, तो खाली उतरतो. खालचा मऊ लोखंडाचा भाग दबतो आणि वरचं क्रोम अंड्याच्या कवचासारखं फुटतं. सिलिंडरमध्ये सीलचा दाब पसरलेला असतो, त्यामुळे तिथे हाच रॉड वर्षानुवर्षं टिकतो आणि इथे फसवतो.

दुसरी अडचण टॉलरन्सची, म्हणजे मापात किती फरक चालतो त्याची. क्रोम रॉड सहसा एफ७ मध्ये येतो: २० मिमीला उणे २० ते उणे ४१ मायक्रॉन. एलएम बुशला शाफ्ट जी६ लागतो, म्हणजे उणे ७ ते उणे २०. प्ले अगदी कमी हवा असेल तर एच५, म्हणजे शून्य ते उणे ९. एफ७ रॉडवर पहिल्या दिवसापासूनच प्ले असतो आणि दोष बुशच्या कंपनीला लावला जातो.

मागणी लिहिताना हे सरळ लिहा: इंडक्शन हार्डन केलेला आणि ग्राइंड केलेला शाफ्ट, एचआरसी ५८ ते ६४, टॉलरन्स जी६, पृष्ठभाग गुळगुळीत, कडेला चॅम्फर. इंडक्शन हार्डन करून वर क्रोम दिलेला रॉडही मिळतो. तो चालतो, पण हार्डनेस क्रोमखालची विचारायची, क्रोमची नाही. माल आल्यावर घाईची तपासणी करायची तर शाफ्टच्या कापलेल्या तोंडावर नवी बारीक फाइल कडेपासून मध्याकडे फिरवा. हार्डन केलेल्या शाफ्टच्या कडेला फाइल घसरते आणि मध्याकडे पकडते. सगळीकडे सारखीच पकडली तर तो रॉड परत पाठवा.

हाउसिंगमधल्या चुका

बुश जागेवर धरायला बाहेरून ग्रब स्क्रू मारणं ही सगळीकडे दिसणारी सवय आहे. बुशची बाहेरची भिंत पातळ असते. ग्रब स्क्रूचं टोक तिला आत दाबतं, त्या जागची बॉलची ओळ आवळली जाते आणि तेवढ्याच रेषेत शाफ्टवर चर पडतो. शाफ्टवर एकच सरळ रेघ बाकीच्यांपेक्षा खोल दिसली तर स्क्रू कुठे आहे ते ताडून बघा. धरायचं असेल तर सर्कलिप किंवा पुढून प्लेट.

बोअर (हाउसिंगचं छिद्र) साधारणपणे एच७ (छिद्राचा एच कॅपिटल, शाफ्टचा एच५ मधला एच स्मॉल). प्ले कमी करायला जे७ करतात, पण तेव्हा शाफ्टही एच५ घेतला तर बुश आवळून बसू शकतो. दोन्हींपैकी एकच घट्ट ठेवा. स्लिट असलेला ॲडजस्टेबल बुश आवळताना शाफ्ट हाताने फिरवत राहा. हलकासा अडथळा जाणवला तिथे थांबा आणि किंचित सोडा. ‘प्ले पूर्ण गेला पाहिजे’ म्हणून आणखी पाव फेरा दिला की तो बुश लवकर जाणार.

बसवताना आर्बर प्रेस आणि पायरी काढलेला मँड्रेल वापरा, दाब बुशच्या बाहेरच्या कवचावरच द्या. सीलवर किंवा एंड रिंगवर दाबलं तर आतला रिटेनर वाकतो. बॉल धरणारा रिटेनर प्लॅस्टिकचा असतो, त्याला ८० अंशांच्या वर नेऊ नका. ओव्हनजवळच्या मशीनला स्टील रिटेनरचा प्रकार मागवावा लागतो.

एलएम२० मध्ये बॉलच्या पाच ओळी असतात. भार एकाच ओळीवर थेट येण्यापेक्षा दोन ओळींच्या मधे आला तर स्टॅटिक क्षमता (थांबलेल्या अवस्थेत भार झेलायची क्षमता) १.४६ पट होते. बुश बसवताना फक्त थोडा फिरवून बसवायचा, पैसा लागत नाही. स्ट्रोकच्या टोकाला आदळणाऱ्या मशीनमध्ये एवढ्यानेही फरक पडतो.

दोन शाफ्ट समांतर नसले की

आर्म फिरू नये म्हणून दुसरा शाफ्ट दिला जातो आणि तिथे नवा त्रास सुरू होतो. दोन शाफ्ट समांतर नसतील तर कॅरेज (बुश बसवलेला सरकता भाग) मधे सैल आणि टोकाला आवळून चालतं. हे पकडायला स्प्रिंग काटा पुरतो. सिलिंडर किंवा मोटर सोडवा, कॅरेज काट्याने हळू ओढा आणि दर ५० मिमीला आकडा लिहून घ्या. बॉल बुशचं घर्षण इतकं कमी असतं (गुणांक ०.००२ ते ०.००३, वर सीलचा थोडा ओढ) की आडव्या अक्षावर दहा किलोचं कॅरेजही काही न्यूटनमध्ये सरकायला हवं. कुठे आकडा दुप्पट झाला तर तिथे आवळतंय.

जोडणीचा क्रम असा ठेवा: एक शाफ्ट पूर्ण घट्ट. दुसऱ्याच्या दोन्ही सपोर्टचे बोल्ट सैल. कॅरेज एका टोकाला नेऊन त्या टोकाचा सपोर्ट घट्ट करा, मग दुसऱ्या टोकाला नेऊन तिथला. नंतर पुन्हा काटा लावा.

सिलिंडरचा रॉड कॅरेजला सरळ आट्यांनी जोडला असेल तर मधे फ्लोटिंग जॉइंट (तिरकेपणा सोसणारा सांधा) टाका. नाहीतर सिलिंडरची तिरकस ओढ बुश सोसतात, आणि बुश दमला की सिलिंडरचं सील जातं.

वंगण

नव्या बुशला जे तेल लागलेलं असतं ते गंजविरोधी असतं, वंगण नसतं. ते पुसून लिथियम ग्रीस नंबर २ बोटाने बॉलच्या ओळींत भरा, शाफ्ट दोन-तीनदा आत-बाहेर करा, उरलेलं पुसा. मॉलिब्डेनम किंवा ग्राफाइटची काळी ग्रीस इथे नको. पुन्हा ग्रीस देण्याचा साधा ठोकताळा १०० किमी प्रवास, म्हणजे वरच्या मशीनला दर तीन आठवड्यांनी.

तांबूस भुकटीवाल्या लहान स्ट्रोकच्या मशीनला नुसती जास्त ग्रीस देऊन भागत नाही. बॉल पूर्ण फेरा मारत नसल्यामुळे वंगण परत त्या जागी पोहोचतच नाही. प्रोग्राममध्ये प्रत्येक शिफ्टला एकदा बुशच्या लांबीपेक्षा मोठा स्ट्रोक मारायची ओळ टाका आणि ग्रीस पातळ घ्या.

धुळीचं मात्र वेगळं. कोल्हापूरच्या फाउंड्रीतल्या वाळूपुढे यूयू सील टिकत नाही. बेलोज (शाफ्ट झाकणारं घड्यांचं आवरण) लावा, किंवा बॉल बुशचा हट्ट सोडून गनमेटलचा साधा बुश वापरा. फक्त साध्या बुशला एक नियम पाळावा लागतो: ढकलणारा जोर शाफ्टपासून जितका बाजूला असेल, त्याच्या निम्मं तरी दोन बुशच्या टोकांमधलं अंतर हवं. नाहीतर उघडा ड्रॉवर एका कोपऱ्याने ढकलल्यावर अडकतो तसा तो अडकतो.

दुसरा शाफ्ट काढून बॉल स्प्लाइन कधी?

आर्मच्या टोकाचा प्ले मोजून बघा. दोन शाफ्टमध्ये ५० मिमी अंतर, प्रत्येक बुशमध्ये २० मायक्रॉन प्ले (जी६ शाफ्टवर इतका निघू शकतो), आणि आर्म २०० मिमी. टोकाला ०.१५ मिमीच्या वर हालचाल निघते. बुश नवा असतानाही! पीसीबी किंवा बारीक असेंब्लीच्या कामाला हे चालत नाही आणि बुश बदलून ते कधी जाणारही नाही. शाफ्टमधलं अंतर वाढवायला जागा नसेल, किंवा शाफ्टला वर-खाली होता होता फिरायचंही असेल, तर बॉल स्प्लाइन घ्यावा. त्यात शाफ्टवरच चर कोरलेले असतात, बॉल त्यात बसतात, त्यामुळे एकच शाफ्ट सरकतो आणि टॉर्कही सोसतो. फिरणाऱ्या कामासाठी नटवरच (शाफ्टवर सरकणाऱ्या बाहेरच्या भागावरच) बेअरिंग असलेला रोटरी प्रकार मिळतो. स्कारा रोबोटच्या उभ्या अक्षात बॉल स्क्रू आणि स्प्लाइन एकाच शाफ्टवर कोरलेले असतात, तेही याच कारणाने.

पण मोमेंटची अडचण स्प्लाइनने सुटत नाही. लोंबतं वजन तेवढंच राहतं, म्हणून एका नटवर न टाकता दोन नट अंतर ठेवून घ्या. दोन नट मागवताना दोघांच्या की-वेचा कोन एका रेषेत हवा हे ऑर्डरमध्ये लिहिलं नाही तर ते एका रेषेत येतीलच असं नाही.

स्प्लाइन निवडताना सगळे कॅटलॉगमधली टॉर्क क्षमता बघतात आणि शाफ्टचा पीळ विसरतात. ३ किलो २०० मिमीवर झटक्यात फिरवायला साधारण १० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो असं धरू. ड्राइव्हपासून आर्मपर्यंत २० मिमी शाफ्टची लांबी ५०० मिमी असेल तर पीळ ०.२३ अंश येतो आणि टोकाला ०.८ मिमी. मीटरला पाव अंश ही नेहमीची मर्यादा धरली तर हा शाफ्ट जवळजवळ दुप्पट पिळतोय. २५ मिमी घेतला तर टोकाची हालचाल ०.३३ मिमी, कारण व्यासाचा चौथा घात लागतो. लांबी निम्मी करता आली तर आणखी निम्मी. चरांमुळे खरा आकडा थोडा जास्तच येईल.

‘नवा स्प्लाइन, तरी प्ले’

ही तक्रार आली की आधी तो प्लेच आहे का ते ठरवा. शाफ्टचं ड्राइव्हकडचं टोक अडकवा, आर्मच्या टोकाला डायल (बारीक हालचाल मोजणारा गेज) लावा, स्प्रिंग काट्याने ५, १०, १५ न्यूटन ओढा, मग उलट दिशेने. जोर जवळजवळ शून्य असताना डायल उडी मारत असेल तर प्ले. जोराच्या प्रमाणात सरकून सोडल्यावर परत येत असेल तर पीळ, आणि तो नट बदलून जाणार नाही.

प्ले निघाला तर डायल नटच्या अंगावर लावून तीच चाचणी करा. नट स्वतःच हलत असेल तर बॉल बरोबर आहेत, की-वेमधली की सैल आहे. गोल नट कीने धरण्यापेक्षा फ्लँजचा नट बोल्ट आणि डॉवेलने धरणं म्हणूनच बरं. हाउसिंगचं बोअर एच७, प्ले अजिबात नको असेल तर जे६.

नट स्थिर आणि शाफ्ट हलतोय, तर प्रीलोडचा (बॉल आधीच किती आवळून बसवलेत त्याचा) दर्जा तपासा. आर्म सतत उलट-सुलट फिरत असेल तर बिनप्रीलोडचा नट चालत नाही. लोंबत्या, हलक्या कामाला हलका प्रीलोड, धक्के किंवा उलट-सुलट टॉर्कला मध्यम. प्रीलोड जास्त म्हणजे घर्षण जास्त, मोटरवर ते दिसतं. त्यामुळे सरसकट मध्यम मागवू नका.

नवा नट पहिल्याच दिवशी खरखरत असेल तर तो बहुतेक असेंब्लीच्या टेबलावरच बिघडलेला आहे. नट शाफ्टवरून काढला, एखादा बॉल गळला, किंवा चर न जुळवता ढकलला. नट आणि शाफ्ट जोडीने येतात, खुणा जुळवूनच घालायचे. काढावाच लागला तर शाफ्टच्या टोकाला त्याच मापाचा डमी शाफ्ट टेकवून नट त्यावर सरकवायचा.

शाफ्टच्या टोकांचं मशीनिंग स्वतः करायचं ठरवत असाल तर ऑर्डरमध्येच ‘टोकं मऊ ठेवावीत’ असं लांबीसह लिहा. हार्डन केलेल्या टोकावर आटे पाडायला गेलात तर टूल बोथट होईल. टोक गॅसने लाल करून मऊ केलं तर त्याची उष्णता चरांपर्यंत जाते, आणि तेवढ्या भागात पुन्हा मऊ शाफ्टचीच गत होते.